यमीसाठी केलेली रात्र



आज धनत्रयोदशी. आपलं हरिपाठाचं चिंतन रोजच्या क्रमाने चालू आहे, पण आजपासून भाऊबीजेपर्यंत ते थांबवते आहे. आज एक वेगळा उतारा घेऊ. शुभेच्छांनी मोबाईल भरून वाहतोय आणि एकाही मेसेजला उत्तर द्यायला बोट उचलत नाही, अशी ज्यांची अवस्था आहे त्यांच्यासाठी. ज्यांच्या घरी यंदा एक पान कमी वाढलं जाणार आहे त्यांच्यासाठी. बाकीच्यांनीही वाचा, कारण अशा एखाद्या घरी या आठवड्यात तुम्हाला जावं लागणारच आहे.

उतारा मैत्रायणी संहितेतला आहे. ही कृष्ण यजुर्वेदाच्या एका शाखेची संहिता. यज्ञविधींची चर्चा चालू असताना मध्येच तिथे चार-पाच वाक्यांची एक गोष्ट येते.

यम आणि यमी ही जुळी भावंडं. यम म्हटलं की आपल्याला रेडा आणि पाश आठवतो, पण ते नंतरचं चित्र. वेदांतला यम आधी स्वतः मरतो. मरणाऱ्यांमधला तो पहिला. पलीकडची वाट त्याच्याआधी कोणी चाललेलंच नव्हतं, ती त्याने शोधली. तर यम गेला आणि यमी मागे राहिली. म्हणजे जगात पहिल्यांदा जे माणूस मागे राहिलं ती कोणाची बायको नव्हती, आई नव्हती, बहीण होती. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, का ते पुढे येईलच.

देव तिची समजूत काढायला गेले. त्यांनी काय काय सांगितलं ते संहितेत नाही. एवढंच आहे की ते विचारत, आणि दर वेळी ती म्हणे, तो आजच गेला. पुन्हा विचारलं तरी आजच. कारण तेव्हा रात्र नव्हती. सगळा एक सलग दिवस होता. दिवस मावळतच नव्हता, म्हणून यमीचं 'आज' संपत नव्हतं. देवांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी रात्र निर्माण केली. रात्र झाली, मग दुसरा दिवस उगवला. मग ती त्याला विसरली, असं संहिता सांगते. दिवस-रात्री दुःखाचा विसर पाडतात असं लोक म्हणतात ते यावरूनच, एवढं जोडून पुढच्या विधीकडे वळते.

'विसरली' हा शब्द टोचतो. मलाही टोचतो. पण मी तो असा वाचते, की यमी भावाला विसरली नसणार, ती 'आजच' विसरली. 'आज गेला'चं 'काल गेला' झालं. हा अर्थ कोणाला ओढूनताणून काढलेला वाटला तर वाटू दे. पुढच्या परंपरेत हीच यमी यमुना झाली आणि ती भावाला अजिबात विसरलेली नाही, हे आपण दर भाऊबीजेला पाहतोच की.

मला जास्त विचार करायला लावते ती देवांची गोष्ट. आधी त्यांनी बोलून पाहिलं. उपयोग झाला नाही, तेव्हा त्यांनी बोलणं थांबवलं. तिला ओरडले नाहीत, तिच्या रडण्यात खोट काढली नाही, "किती दिवस असं" म्हणाले नाहीत. (दिवस एकच होता म्हणा.) तिच्यासाठी अख्खी सृष्टी थोडी बदलली. अर्धं जग अंधारात ठेवलं, की तिला जरा पडता यावं.

आता सणाकडे येते.

आषाढात माझा दादा गेला. हृदयविकाराचा झटका, वय चाळिशीच्या आतलं. तेरावं-चौदावं झालं, श्रावण गेला, गणपतीत आम्ही मखर केलं नाही, पितृपक्ष गेला, आणि कसं कोण जाणे पण रोजचं आयुष्य चालायला लागलं होतं. मी ऑफिसला जात होते. आई भाजीवाल्याशी घासाघीस करायला लागली होती. त्याचं जाणं हळूहळू 'काल'च्या बाजूला सरकत होतं. आणि मग वसुबारसेच्या चार दिवस आधी फोनने आपणहून गेल्या दिवाळीचा फोटो समोर टाकला. दादा स्टुलावर उभा, तोंडात दोरा, हातात कंदील. खाली मी स्टूल धरून. संपलं. तो आजच गेला.

पहिल्या वर्षीचा सण असंच करतो. रोजच्या दिवसात माणसाच्या नसण्याची जागा थोडी थोडी झाकली गेलेली असते. सणाला मात्र प्रत्येक वस्तू मागच्या वर्षीच्या जागेवर परत येते. तोच मोती साबण, तेच उटणं, तोच पाट, आणि कोणाला किती कडबोळी लागतात त्याचा आईच्या डोक्यातला तोच हिशेब. सगळं आपापल्या जागेवर येतं आणि एकच जागा उघडी पडते. म्हणून चार महिने शांत असलेलं माणूस उटण्याच्या वासाने ढसाढसा रडतं. भक्ती कमी पडली म्हणून ते होत नाही. यमीची रात्र तेवढ्यापुरती मागे सरते आणि पुन्हा तो लांबलचक दिवस सुरू होतो.

आमच्याकडे यावरून वाद झाला. आईचं म्हणणं, वर्षभर सण धरायचा नाही. बाबांचं म्हणणं, सात वर्षांचं पोर घरात आहे, त्याच्यासाठी तरी कंदील लावू. दोघंही आपापलं म्हणणं वहिनीच्या नावाने मांडत होते. "तिला काय वाटेल?" हे दोन्ही बाजूंनी. शेवटी वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "आई, बाबा, माझ्या नावाने सण बंदही करू नका आणि सुरूही करू नका. तुम्हाला काय हवंय ते सांगा." बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आई म्हणाली, "मला ह्या वर्षी चकलीचा वास नको आहे घरात." बाबा म्हणाले, "मला अंधार नको आहे." दोन्ही होण्यासारखं होतं. फराळ करायचा नाही, दिवे लावायचे.

फराळ न करणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे, आणि तिच्यातला अर्धाच भाग आपण लक्षात ठेवलाय असं मला वाटतं. दुखवट्याच्या घरी पहिल्या दिवाळीला कढई चढवत नाहीत, हे खरं. पण त्याच रीतीत शेजारपाजारचे आणि पाहुणे त्या घरी फराळाचे डबे आणून देतात. घराने सण करायचा नाही, गावाने त्या घराचा सण करायचा. आता सोसायटीत आपण पहिला भाग पाळतो आणि दुसरा विसरतो. "त्यांच्याकडे यंदा नसतं ना काही" म्हणून त्या दाराची बेल वाजवायचीच टाळतो. डबा घेऊन जा. आत बोलावलं तर बसा, नाही बोलावलं तर डबा देऊन या. परत येताना तो डबा रिकामा आला तरी मनात धरू नका.

पण आज सांगायचं ते याच्याही पुढचं आहे. दिवाळी म्हणजे आनंदाचा सण आणि दुःख झालेल्याने तेवढे पाच दिवस बाजूला बसावं, असं आपण समजतो. जरा दिवाळीच नीट पाहा. आज संध्याकाळी पहिला दिवा कोणासाठी लागतो? यमासाठी. कणकेचा दिवा, तेलाची वात, आणि तोंड दक्षिणेला. एरवी आपण दक्षिणेकडे तोंड करून दिवा ठेवत नाही, आज मुद्दाम ठेवतो. त्यामागे जी गोष्ट सांगतात ती लग्नानंतर चौथ्याच दिवशी मेलेल्या राजपुत्राची आहे. त्याचे प्राण न्यायला गेलेल्या यमदूतांनाही त्याच्या बायकोचा आकांत ऐकवला नाही, आणि परत गेल्यावर त्यांनीच यमाला विचारलं, हे असं अकाली मरण टळायला काही उपाय नाही का? त्यातून हा दिवा आला. उद्या नरक चतुर्दशीला अभ्यंगाबरोबर यमतर्पण सांगितलंय, यमाची १४ नावं घेऊन. अमावास्येला पितरांना वाट दिसावी म्हणून उल्का दाखवायचा विधी आहे, आणि आपण ज्याला कंदील म्हणतो त्या आकाशदिव्याचं नातंही पितरांशी सांगतात. शेवटचा दिवस यमद्वितीया, म्हणजेच भाऊबीज. त्या दिवशी यम स्वतः काम सोडून बहिणीकडे जेवायला जातो.

म्हणजे सण सुरू होतो यमाच्या दिव्याने आणि संपतो यमाच्या जेवणाने. मध्ये लक्ष्मी आहे, बळी आहे, फटाके आहेत, शॉपिंग आहे. पण दोन्ही टोकं मरणाने धरलेली आहेत. ज्याच्या घरी या वर्षी कोणी गेलंय तो या सणातला उपरा कसा? उलट आजच्या दिव्याचा अर्थ त्याच्याइतका कोणाला कळणार!

आणि दिवाळी येते अमावास्येला. वर्षातल्या एका काळ्याकुट्ट रात्रीला आपण दिवे लावतो. मैत्रायणी संहितेचं ऐकायचं तर ती रात्रच मुळात एका रडणाऱ्या बहिणीसाठी केलेली आहे. हे वाचल्यापासून मला दिवे लावायची भीती वाटत नाही.

आता गीतेबद्दल थोडं, कारण दुःखाच्या घरी गीता फार वापरली जाते. आमच्याकडे भेटायला आलेल्या किमान दहा जणांनी ऐकवलं की आत्मा अमर आहे, ज्ञानी माणसं शोक करत नाहीत. दुसऱ्या अध्यायात हे आहे, आणि ते सत्य आहे, माझी त्यावर श्रद्धाही आहे. पण ते कोणाला सांगितलंय आणि कधी? समोर उभं ठाकलेलं काम टाकून खाली बसलेल्या अर्जुनाला, कोणी मरण्याच्या आधी. पुढे त्याच युद्धात अभिमन्यू पडतो. द्रोणपर्वात तो भाग काढून वाचा. गीता ऐकलेला अर्जुन हंबरडा फोडतो. श्रीकृष्ण त्याचं सांत्वन करतात, पण "मी तुला इतकं सांगितलं ते कुठे गेलं?" असं त्याला ऐकवत नाहीत. अर्जुन त्यांना विनवतो की सुभद्रेकडे जा, तिला सावरा. आणि श्रीकृष्ण जातात. युद्ध चालू आहे, दुसऱ्या दिवशी जयद्रथाचं भयंकर काम आहे, तरी भाऊ उठून बहिणीकडे जातो. तिचा विलाप महाभारताने लांबलचक दिलाय. द्रौपदी आणि उत्तराही तिथे येतात, तिघी रडतात. भगवंत समोर उभे आहेत आणि तरी त्या रडतात, आणि ते त्यांना रडू देतात.

गीता सांगणाऱ्याने जे केलं ते गीता ऐकवणाऱ्यांनी करायला काय हरकत आहे? आधी जा. बसा. श्लोक राहू दे.

आपल्या संतांचंही तेच. भाऊबीजेनंतर चार आठवड्यांच्या आत कार्तिक वद्य त्रयोदशी येईल, माउलींच्या संजीवन समाधीचा दिवस. १२९६ साली आळंदीत काय झालं ते नामदेवरायांनी समाधीच्या अभंगांत लिहून ठेवलंय. त्या अभंगांत कोणाचेच डोळे कोरडे नाहीत. निवृत्तीनाथ तर गुरू, ज्ञानेश्वरीत ज्यांचं नाव पानोपानी येतं ते. जन्ममरणाचं कोडं सुटलेला माणूस. पण धाकटा भाऊ आत बसल्यावर तेही कोसळतात. नामदेवराय ते झाकत नाहीत. एवढंच काय, त्यांनी पांडुरंगालाही गहिवरलेलं दाखवलंय. विठ्ठलाला रडू आलेलं ज्या परंपरेला चालतं तिच्यात आपल्याला कोरड्या डोळ्यांनी जप करायची सक्ती कोणी केली? जप करताना रडू आलं तर येऊ दे. माळ ओली झाली तर वाळते.

मात्र एक सांगायलाच हवं. महिनोन्महिने झोप नाही, अन्न जात नाही, जगण्यातच राम वाटत नाही, असं होत असेल तर डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलता येतं. यमीलाही नुसत्या उपदेशाने बरं वाटलं नव्हतं, देवांना वेगळा उपाय करावा लागला होता. औषध घेणं म्हणजे नामावर विश्वास नसणं, असलं काही डोक्यात घेऊ नका.

आणि पाडवा. यावर कोणी फारसं बोलत नाही. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी बायको नवऱ्याला ओवाळते, आणि जिचा नवरा गेलाय तिला त्या दिवशी कुठे उभं करायचं हे घराला सुचत नाही. जुन्या पिढीने सरळ तिला आत बसवलं. आपण तसं म्हणत नाही, पण औक्षणाच्या वेळी तिला हळूच "जरा चहा बघतेस का?" म्हणतो. ते तेच आहे, फक्त सभ्य आवाजात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं हे सगळं गावात बंद केलं. एका गावाला जे ठरावाने करता आलं ते आपल्या दोन खोल्यांत आपल्याला करता येऊ नये? वहिनीला मी सरळ विचारलं, पाडव्याला काय करूया. ती म्हणाली, "मी बाबांना ओवाळणार. आणि मग मला दुपारभर झोपू दे, उठवू नका." ठरलं. तुमच्या घरी कोणी असेल तर तिच्या वतीने ठरवू नका, तिला विचारा. तिला काहीच करायचं नसेल तर तेही ऐका. आणि हे लक्षात असू द्या की नवरा गेला तरी ती कोणाची तरी बहीण आहेच. परवाच तिच्या भावाचा फोन आला होता, तो भाऊबीजेला आमच्याकडेच येतोय, बरोबर सगळा फराळ घेऊन.

दादाचं नाव या पाच दिवसांत घ्यायचं, असंही ठरवलंय. आलेले लोक त्याचं नाव टाळतात, आम्हाला त्रास होईल म्हणून. त्रास नाव न घेण्याने जास्त होतो. पुतण्या मात्र टाळत नाही. "बाबा खळ जास्त लावायचा, म्हणून कागद सुरकुतायचा," असं त्याने काल आजोबांना ऐकवलं. दोघं मिळून कंदील करतायत. या वर्षीचा कागदही सुरकुतलेलाच आहे.

राहता राहिली माझी भाऊबीज. ज्या बहिणीला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळायचं, ही आपली रीत. लहानपणी आमच्या शेजारच्या मावशी गच्चीवर जाऊन ओवाळायच्या तेव्हा मला ते गमतीचं वाटायचं. यंदा ताट माझं असणार आहे. आईने विचारलं, "तू ओवाळशील? जमेल?" जमेल की नाही ते त्या वेळीच कळेल. पण यमीच्या गोष्टीनंतर मला ती रीत वेगळी दिसते. चंद्र दिसायला रात्र लागते. भर दिवसा त्याला कोण ओवाळणार!

ज्या कोणी माझ्यासारख्या यंदा पहिल्यांदाच ओवाळणार असाल त्यांना एक व्यवहाराची सूचना. बीजेची कोर अगदी बारीक असते, पश्चिमेला, खाली टेकलेली, आणि सूर्य मावळल्यावर थोडाच वेळ दिसते. समोर टॉवर असेल तर खिडकीतून दिसणारच नाही. गच्चीची किल्ली वॉचमनकडून दुपारीच मागून ठेवा. ताटात निरांजन, सुपारी, अक्षता आणि थोडं गोड घ्या. वर वारा असतो, काडेपेटी विसरू नका.

आजचा दिवा साडेसहा-सातच्या सुमारास लावायचाय. कणीक मळून ठेवलीय. तोंड दक्षिणेला.

राम कृष्ण हरी.